‘धुमसणे’ : एका क्रियापदाची चौकशी

दलित साहित्यावर मराठीत जे लिहिले गेले त्यात एक क्रियापद इतक्या वेळा आले आहे की आता त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. दलितांचे मन धुमसते, वेदना धुमसते, शब्द धुमसतो, वस्ती धुमसते. प्रस्थापित समीक्षकांनी ते वापरले, आपल्या कवींनीही वापरले आणि वृत्तपत्रांनी तर ते तयार शिक्क्यासारखे जवळ बाळगले. जामखेडला मराठी शिकवताना हा शब्द मला उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटतो. तो आपला आहे काय, ही चौकशी एकदा व्हायला हवी.

पेटणे, जळणे, भडकणे यांचा संबंध जाळाशी आहे. धुमसणे हे ‘धूम’ म्हणजे धुरावरून आले. लाकूड ओले असेल, वारा पोचत नसेल, तर जाळ होत नाही, पण जळणे चालूच राहते. बालाघाटाच्या कुशीतल्या या कोरडवाहू तालुक्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. फडाकडेच्या कोपीत पहाटे बाई चूल पेटवू लागते तेव्हा काटक्यांवर दव पडलेले असते. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे चुरचुरतात आणि ती म्हणते, “मेलं नुसतं धुमसतंय.” तिच्या तोंडी या शब्दात विद्रोह नाही, वैताग आहे. धुमसणाऱ्या चुलीवर भाकरी भाजत नाही. शिवाय तो धूर सर्वांत आधी तिच्याच छातीत जातो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच. म्हणजे धुमसण्याचा पहिला बळी शेजारचा वाडा नसतो, घरातलेच माणूस असते. ‘काळीज धुमसते’ असे सहज लिहून जाणाऱ्या कवीने आपल्या आईला याबद्दल काही विचारलेले दिसत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप व्याकरणाचा आहे. धुमसणे अकर्मक आहे. त्यात लाकूड कोणी भिजवले, वारा कोणी अडवला, हे सांगावे लागत नाही. आमच्याच तालुक्यात खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढा संशय त्याला पुरला, असे फिर्यादीचे म्हणणे होते. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. अशा वेळी ‘गाव धुमसत आहे’ असे वाक्य लिहिणे फार सोयीचे असते. त्यात मारणारे आणि रडणारे एकाच धुरात दिसेनासे होतात. साक्षीदाराला गावातच राहायचे आहे, पाणी, मजुरी, किराणा गावातूनच मिळवायचा आहे, हे त्या वाक्यात कुठे बसणार?

1978 चे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. 27 जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. जाळणे सकर्मक आहे. त्याला कर्ता लागतो. पण ‘मराठवाडा धुमसला’ म्हटले की कर्ता गळून पडतो आणि प्रदेशच जणू आपोआप धुरावू लागतो. सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याने निदान क्रियापदे तरी तपासून घ्यावीत.

समीक्षेत याच वृत्तीचे थोरले भावंड म्हणजे ‘ज्वालामुखी’. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 चा, ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 चा, दया पवारांचा ‘कोंडवाडा’ 1974 चा. या लेखनाला उद्रेक, लाव्हा म्हणून गौरवणारे त्याची घडण पाहण्याचे टाळतात. लाव्ह्याला कोणी कारागीर म्हणत नाही. बागुलांची कथा कुठे थांबते, ढसाळ कोणत्या गल्लीतला शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसवतात, हे पाहायला कष्ट पडतात; ‘स्फोट’ म्हणून टाकणे फुकट पडते. (आपल्यापैकी काहींना हा गौरव आवडलाही, हे मान्य केले पाहिजे.)

बाबासाहेबांच्या चळवळीलाही हे क्रियापद लावले जाते, तेव्हा मला ते सरळ खोटे वाटते. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची घोषणा झाली, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरची दीक्षा. मधली एकवीस वर्षे समाज धुमसत होता काय? त्या काळात पक्ष निघाले, 1946 ला सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, 1950 ला औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले, धर्मांचा अभ्यास झाला. याला तयारी म्हणतात. आणि 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती ठरवून, जाहीरपणे, जाळणाऱ्यांनी आपली नावे न लपवता.

मग हा शब्द टाकून द्यावा काय? तसे मी म्हणत नाही. जिथे तो चुलीजवळ राहतो तिथे तो खरा आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (1986) वाचताना घरातल्या सुनांची जी कुचंबणा दिसते तिला धुमसणे म्हणता येईल, कारण तिथे वारा अडवणारे कोण हे लेखिका दडवत नाही, मग ती आपलीच माणसे का असेनात. आणि धुमसण्याशेजारी ठेवायला आपल्याकडे दुसरी क्रिया आहेच. काडेपेटी परवडत नव्हती तेव्हा आमच्या आज्या रात्री निखारा राखेत झाकून ठेवत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, धग आत, जाळ नाही. पण इथे झाकणारी आहे, झाकलेली वस्तू आहे आणि सकाळचा हिशेबही आहे.

या सत्रात मी विद्यार्थ्यांना घरून विस्तवाचे शब्द आणायला सांगितले आहे. आर, इंगळ, फुफाटा, धग, झळ, होरपळ, करपणे एवढे आतापर्यंत जमले. कोणत्या घरात कोणता शब्द कोणत्या कामाशी चालतो, हेही आम्ही लिहून ठेवतो आहोत. वाचकांनी आपापल्या भागातले शब्द वापरासह कळवावेत.