थर मिटले, चित्र जुळले का?

दिवाळी अंकाचा वाचक चित्रांचा दर्दी असतो. मुखपृष्ठ मनात भरले नाही, तर कित्येकदा तो अंक उचलीतही नाही. म्हणूनच एका उपेक्षित चित्रप्रकाराविषयी त्याच्याशी चार शब्द बोलावेसे वाटतात. गणपतीत पेणच्या रस्त्यांवर आणि धावीर महाराजांच्या पालखीच्या दिवसांत रोह्यात जे शुभेच्छाफलक झळकतात, त्यांना समीक्षक चित्र मानीतच नाहीत. वस्तुतः कोणत्याही प्रदर्शनापेक्षा अधिक डोळे त्यांच्यावर खिळतात.

हे फलक बहुधा फोटोशॉपमध्ये घडतात. १९९० साली आलेल्या या प्रोग्रॅममध्ये थरांची सोय झाली ती १९९४ मध्ये. एका थरावर देव, दुसऱ्यावर झेंडूचे तोरण, तिसऱ्यावर कार्यकर्त्यांचे फोटो, चौथ्यावर अक्षरे. काचेची तावदाने एकावर एक ठेवावीत तसे. छपाईला धाडताना हे थर मिटवून एकच सपाट चित्र करतात आणि ते टिफ किंवा जेपेग अशा जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये साठवितात. १९८६ साली निघालेल्या टिफमध्ये प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राखता येतो. जेपेग मात्र फाईल लहान करण्यासाठी बारकावे गाळतो आणि त्याची झळ देवनागरीला लागते. रफाराभोवती, वेलांटीच्या कडेला धुरकट ठिपके उमटतात.

मग सपाट करणे हाच दोष म्हणावयाचा काय? मला तसे वाटत नाही. १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यातही प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. घरोघरच्या भिंतींवर गेलेली लक्ष्मी-सरस्वती मात्र एकसंध होती. ती पाहताना दगड किती लागले हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. थर मिटणे म्हणजे चित्रकाराने आपला अंतिम निर्णय देणे होय.

आमच्या फलकांचे दुखणे निराळेच आहे. तेथे थर मिटतात, पण चित्र एकजीव होत नाही. देवाच्या मुखावर डावीकडून उजेड, शेजारच्या अध्यक्षांच्या गालावर उजवीकडून. तोरणाला सावलीच नाही आणि अक्षरांना मात्र सोनेरी कडा. प्रत्येक थर स्वतंत्रपणे पाहिला गेला. सगळे मिळून काय दिसते, हे कोणी पाहिलेच नाही.

याचा धडा घ्यावयास दूर जाण्याचे कारण नाही. पेणच्या आणि शेजारच्या हमरापूर-जोहे गावांच्या कारखान्यांत मूर्तीवरही थरच चढतात: आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने आणि शेवटी डोळ्यांची आखणी. डोळे आखणाऱ्याला मानेचा कल, सोंडेचे वळण, मुकुटाचा भार हे सारे एका नजरेत घ्यावेच लागते. त्या नजरेने आधीचे सगळे थर एक होतात. फलकाला हीच शेवटची नजर लाभत नाही.

आणखी एक गोष्ट. मूर्ती विसर्जनाला जाते, पण साचा कारखान्यात राहतो. थरांची मूळ फाईल हा फलकाचा साचाच आहे. तो पुसून केवळ जेपेग ठेवला, की अक्षरे अक्षरे राहत नाहीत, रंगाचे ठिपके होतात. मग गेल्या वर्षीची ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त करावयाची कशी? जुन्या तारखेवर पांढरी पट्टी चिकटवून नवी तारीख टाकलेले फलक मी पाहिले आहेत. तारीख बदलली, पण 'हार्दीक' तसेच राहिले! मुले वाचावयास शिकतात ती याच अक्षरांवरून.

तेव्हा फलक घडविणाऱ्या तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच: मूळ फाईल जपून ठेवा, छपाईला टिफ द्या, आणि थर मिटविण्यापूर्वी चित्र लहान करून, दोन पावले मागे सरून एकदा पाहा. उजेड एकाच दिशेने येतो आहे ना, तेवढे पाहिले तरी निम्मे काम होईल.