नऊ खोल्यांचा बंगला आणि माझं परत आलेलं प्रकरण

मागच्या लेखात ‘संशोधन समस्या’ कशी मांडायची यावर लिहिलं होतं. या वेळी जरा उलटं करते. मांडलेली समस्या कशी मोडते ते सांगते, आणि उदाहरण माझंच आहे. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागले असतील. त्यांना याचा उपयोग व्हावा.

माझा विषय व्हिडिओ गेममधली घरं. नातेवाइकांना मी ‘डिजिटल संस्कृती आणि वास्तू’ असं सांगते, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही. दुसरं प्रकरण माइनक्राफ्टमधल्या भव्य बंगल्यांवर होतं. साठेक बंगल्यांची चित्रं आणि व्हिडिओ बघितले, टिपणं काढली, बावीस पानं लिहिली आणि गाईड मॅडमना दिली. आठवड्याने पानं परत आली. पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच वाक्य होतं: “तू स्वतः किती घरं बांधलीस?”

उत्तर शून्य होतं. मी गेम बघितला होता, खेळले नव्हते.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माइनक्राफ्ट २००९मध्ये लोकांसमोर आला, पूर्ण स्वरूपात २०११मध्ये. मूळ कर्ता स्वीडनचा मार्कस पर्सन. २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून त्याची कंपनी घेतली. यातलं जग ठोकळ्यांचं आहे. ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. ठोकळा फोडायचा, उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. खेळायच्या दोन मुख्य पद्धती. ‘क्रिएटिव्ह’मध्ये सगळं सामान फुकट, उडताही येतं. ‘सर्व्हायव्हल’मध्ये सामान स्वतः खणून आणायचं, आणि अंधार झाला की राक्षस येतात. दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांची.

माझा युक्तिवाद असा होता. सर्व्हायव्हलमध्ये जगायला काय लागतं? एक पलंग, एक पेटी, एक सुताराचं टेबल, एक भट्टी. हे सगळं मातीच्या खोपट्यात मावतं. मग लोक तीन मजली बंगला का बांधतात? तर दिखाव्यासाठी. इथे मी थॉर्स्टाइन व्हेब्लेनला आणलं. त्याचं १८९९चं पुस्तक, श्रीमंतांचा उघडा खर्च हीच त्यांची प्रतिष्ठा, वगैरे. मग बाहेर आलेली छपरं, पोर्चचे खांब, हॉलमधली झुंबरं एकेक घेऊन लिहिलं, की पोरं अमेरिकी उपनगरातल्या बंगल्याची नक्कल करताहेत. वाचायला झकास होतं. आजही ते परिच्छेद वाचले की मला बरं वाटतं, आणि हीच त्यातली भीती आहे.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी बहिणीकडे गेले. भाचा बारा वर्षांचा, गेली चार वर्षं हा गेम खेळतोय. त्याला म्हटलं, मला बंगला बांधायला शिकव. तो म्हणाला, “मावशी, तू आधी एक रात्र काढून दाखव.”

पहिली रात्र मी मेले. दुसरी पण.

तिसऱ्या दिवशी घर उभं राहिलं तेव्हा तो म्हणाला, छप्पर भिंतीच्या बाहेर एक ठोकळा काढ. का? “कोळी भिंतीवर चढतात. बाहेर आलेल्या कडेखाली अडकतात.” मी गप्प. ज्या कडेला मी ‘उपनगरी आकांक्षेचं चिन्ह’ म्हटलं होतं, ती कोळ्यांसाठी होती. मग त्याने छपरावर सगळीकडे अर्ध्या उंचीचे ठोकळे टाकायला लावले, कारण खालच्या अर्ध्या ठोकळ्यावर राक्षस जन्मत नाहीत. पूर्ण ठोकळ्यांचं सपाट छप्पर अंधारात राहिलं, तर ते वर जन्मतात आणि सकाळी तुमच्या दारात उतरतात. माझ्या टिपणात अशा छपराला शब्द होता ‘संयत’.

झुंबरांचा तर आणखी गंमतीदार मामला. उजेड या गेममध्ये मोजता येतो. मशालीचा उजेड चौदा, आणि दर ठोकळ्यामागे एकने कमी होतो. पूर्वी उजेड सातवर किंवा त्याखाली आला की तिथे राक्षस येऊ शकायचे. २०२१च्या अखेरीस आलेल्या १.१८ आवृत्तीपासून दिव्यांचा उजेड पार शून्य झाल्याशिवाय ते येत नाहीत. म्हणजे त्याआधीच्या बंगल्यात दिव्यांची दाटी असणारच, नंतरच्यात तेवढी गरज नाही. मी दोन्ही काळातले बंगले एकाच ढिगात टाकून ‘झगमगाटाची हौस’ असा निष्कर्ष काढला होता. हस्तलिखितावर काम करणारा कोणी प्रत आणि काळ न बघता पाठभेदांवर लिहायला लागला, तर आपण त्याला काय म्हणू? घराच्या चित्राखाली गेमची आवृत्ती लिहायची असते हे मला सुचलंच नव्हतं.

पण ‘हे सगळं उपयोगासाठीच आहे’ असं म्हणून उड्या मारायचंही कारण नाही. ती दुसरी चूक, आणि ती मी महिनाभर केली. सगळं कोळ्यांच्या आणि उजेडाच्या हिशेबाने समजावून सांगता येतं असं वाटायला लागलं. त्यातून मला बाहेर काढलं खांबांनी.

माइनक्राफ्टमध्ये वाळू, खडी असे मोजके ठोकळे सोडले तर काहीच खाली पडत नाही. झाडाचा बुंधा मधून तोडला तर वरचं झाड हवेत उभं राहतं. त्यामुळे पोर्चचा खांब काहीही पेलत नसतो. मी भाच्याला म्हटलं, मग हे चार खांब कशाला, काढून टाकू. तो म्हणाला, “नको. पडेल असं वाटतं.” पडणार नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी वाटतं. गेममध्ये वजन नाही, पण बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे, आणि घर त्या डोळ्यासाठीही बांधलं जातं. इथे उपयोगाचा हिशेब संपतो. आणि व्हेब्लेनही पुरत नाही, कारण त्या जगात तो एकटाच खेळत होता. दाखवायचं कोणाला?

आता भव्यतेबद्दल. घरं मोठी का होतात याचं मला पटलेलं उत्तर फार साधं आहे. ठोकळा मीटरचा आहे. पूर्ण ठोकळ्याची भिंत म्हणजे एक मीटर जाड भिंत. आपल्या फ्लॅटची नऊ इंची भिंत त्यात बसतच नाही. दहा बाय दहाची खोली खरोखरच्या मापात बांधायला गेलात तर आत तीन ठोकळे येतात. तेवढ्यात पलंग आणि पेटी ठेवली की वळायला जागा नाही. खिडकीला कमान करायची तर तीन-चार ठोकळे रुंदी हवीच, नाहीतर कमान दिसणार कशी? मग खिडकीच्या मानाने भिंत वाढते, भिंतीच्या मानाने मजला, आणि बघता बघता बंगल्याचा राजवाडा होतो. जाड सुईने बारीक नक्षी काढायची तर कापड मोठं घ्यावं लागतं, तसं. सगळी भव्यता श्रीमंतीच्या स्वप्नातून येत नाही, बरीचशी सामग्रीच्या जाडेपणातून येते. माझ्या बावीस पानांत या गोष्टीचा उल्लेख नव्हता.

आणि विटा. माझ्या साठ चित्रांत लाल विटांचे बंगले बरेच होते. समजा घर तीस बाय वीसचं, उंची दहा. दारं-खिडक्या धरल्या नाहीत तर बाहेरच्या भिंतींना ९६० ठोकळे लागतात. विटेच्या एका ठोकळ्याला चार विटा, म्हणजे ३,८४० विटा, आणि प्रत्येक विटेसाठी चिकणमातीचा एक गोळा भाजायचा. एक गोळा भाजायला दहा सेकंद. एका भट्टीवर हे काम दहा तास चाळीस मिनिटांचं, म्हणजे गेममधले बत्तीस दिवस. एका कोळशावर आठ गोळे, म्हणजे ४८० कोळसे. आठ भट्ट्या लावल्या तर ऐंशी मिनिटांत होतं, पण मग आठ भट्ट्यांभोवती धावत बसा, आणि माती नदीतून काढून आणणं वेगळंच. क्रिएटिव्हमध्ये हाच बंगला फुकट. चित्रात दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मग ती एकच कृती की दोन? माझं मत: दोन. सर्व्हायव्हलमधल्या विटांच्या भिंतीत श्रम आहेत, तिच्यावर व्हेब्लेन लावून बघता येईल. क्रिएटिव्हमधली भिंत म्हणजे आरेखन, तिला रंग-प्रमाणाचे निकष लावायचे. मी साठ चित्रांपैकी एकाखालीही कोणती पद्धत ते नोंदवलं नव्हतं.

वाचनाबद्दल दोन गोष्टी, कारण विचारणार तुम्ही. एस्पेन आर्सेथ यांचा २००३चा निबंध खेळाचं विश्लेषण करायच्या पद्धतींवर आहे. संशोधकाने स्वतः खेळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी तो निबंध वाचला होता, संदर्भयादीत घातलाही होता! यावर अधिक बोलत नाही. दुसरं म्हणजे इयन बोगोस्ट यांचं २००७चं पुस्तक, ज्यात गेमचे नियम स्वतःच युक्तिवाद करतात अशी मांडणी आहे, आणि मिगेल सिकार्ट यांनी २०११मध्ये तिच्यावर केलेली टीका, की असं म्हटलं तर खेळणाऱ्याचं काय उरलं? ही जोडी एकत्रच वाचा. माझा कोळ्यांचा महिना बोगोस्टच्या बाजूचा, खांब सिकार्टच्या. ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक २००१पासून निघतं आणि फुकट वाचता येतं, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता माझ्या जुन्या प्रकरणातलं काय उरलं ते सांगते, कारण सगळंच चूक नव्हतं. ‘असा बंगला बांधा’ असं शिकवणाऱ्या व्हिडिओंमधले बहुतेक बंगले मला आजही पोकळ वाटतात. दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी समान, समोर कारंजं, आत दिवाणखान्यात जिन्याच्या ठोकळ्यांच्या खुर्च्या, ज्यांवर मूळ गेममध्ये बसता येत नाही, आणि वरच्या मजल्यावर काही नाही. कॅमेरा तिथे जातच नाही. उलट गेमने स्वतःच बनवलेली एक हवेली आहे, २०१६मधल्या १.११ आवृत्तीत आलेली. गडद ओकच्या जंगलात सापडते, बहुतेक वेळा फार लांब, नकाशाच्या दुकानदाराकडून नकाशा घेऊन जावं लागतं. ती दिसायला ओबडधोबड. खोल्या कशाही जोडलेल्या, काहींना तर दारच नाही, भिंत फोडली की कळतं. पण आत कुऱ्हाडी घेतलेले रहिवासी आहेत. प्रत्येक कोपऱ्यावर तुम्ही थांबता, कान देता, मशाल लावता. संगणकाने जुळवलेलं हे घर मला त्या कारंजेवाल्या बंगल्यांपेक्षा जास्त घर वाटतं. तिथे प्रत्येक खोलीत जावं लागतं.

सुधारलेलं प्रकरण आता या प्रश्नावर उभं आहे: बांधणारा स्वतःच्या बंगल्यातल्या किती खोल्यांत परत जातो? हे मोजायला खेळणाऱ्यांबरोबर बसावं लागणार. मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि नैतिक समितीची मंजुरी लागणार. अर्ज टाकलाय. तुमच्या विषयात अठरा वर्षांखालचं कोणी येणार असेल तर हा अर्ज सिनॉप्सिसबरोबरच करा, माझ्यासारखं दीड वर्षाने नको. मंजुरी नाही, म्हणून भाचा प्रबंधात नाही. इथे आहे, तोही त्याला आणि बहिणीला विचारून.

त्याच्या बंगल्यात नऊ खोल्या आहेत. बहिणीचं जुनं घर पुनर्विकासाला गेलंय. दोन वर्षं झाली, ते भाड्याच्या वन बीएचकेत राहतात, आणि त्याची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, गावी गेल्यात कारण इथे चौथा मजला आहे आणि लिफ्ट नाही. बंगला दाखवताना त्याने मला सगळ्या खोल्यांतून नेलं. पेट्यांची खोली, भट्ट्यांची खोली, वर त्याची स्वतःची. तळमजल्यावर दाराला लागून एक खोली होती, त्यात पलंग आणि खिडकी, बाकी काही नाही. मी वहीत लिहिलं, ‘खोली क्रमांक चार, उपयोग नाही’. विचारलं, ही कशाला?

“आजीची आहे. तिला जिना चढवत नाही ना.”

मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, वहीतली ती ओळ खोडू नकोस, तशीच ठेव आणि खाली तारीख घाल.