पटावरचे अंतराळ : साम्राज्याकडून शोधाकडे

अंतराळ हा विषय घेतलेले पटावरचे खेळ आज शेकड्यांनी आहेत, आणि जर्मनीत एसेनला दर शरदात भरणाऱ्या खेळांच्या जत्रेत त्यांत नवी भर पडतच असते. पण त्यांतल्या बहुतेकांच्या खोक्यावरची आकाशगंगा पुसून तिथे समुद्र काढला, यानांच्या जागी गलबते ठेवली आणि ग्रहांना बेटांची नावे दिली, तर खेळणाऱ्याला काहीच फरक पडणार नाही. सोंगट्या तशाच सरकतील, गुण तसेच मोजले जातील. अशा खेळांत अंतराळ फक्त चित्रात असते, नियमांत नसते.

म्हणून या कलेकडे पाहताना मी एकच कसोटी लावतो. अंतराळाचा जो खरा स्वभाव आहे, म्हणजे प्रचंड अंतर, एकदा मिळालेला वेग न सोडणारे जडत्व, प्रत्येक किलो वजनाची किंमत, तुटक संपर्क आणि सगळ्यावर पसरलेले अज्ञान, तो खेळाडूला निर्णय घेताना जाणवतो का? गेल्या पन्नास वर्षांतले महत्त्वाचे खेळ या कसोटीवर तपासले, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. या कलेची मुख्य वाट बराच काळ साम्राज्य उभारण्याची होती, पण तिचे अलीकडचे सर्वोत्तम काम शोध घेण्याच्या वाटेवर झाले आहे.

सुरुवातीलाच दोन मोठ्या कल्पना आल्या होत्या. १९७३ साली अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने ‘ट्रायप्लॅनेटरी’ हा खेळ काढला. त्याचा पट षटकोनी घरांचा आणि त्यावर सूर्यमालेचा आतला भाग. यानाची चाल पारदर्शक आवरणावर पेन्सिलीने रेघ ओढून दाखवायची. मागच्या पाळीत यान जितकी घरे ज्या दिशेने गेले, तितकेच ते याही पाळीत जाणार. इंधन खर्च केले तरच ती चाल थोडी वळवता येते. ग्रहाजवळून गेलात तर त्याचे गुरुत्व तुमची रेघ आपल्याकडे ओढते. न्यूटनचा पहिला नियम इथे वाचावा लागत नाही, तो हाताला कळतो. थांबायचे असेल तर थांबण्याचा विचार आधीच सुरू करावा लागतो.

दुसरी कल्पना १९७७ साली आली. बिल एबर्ली, जॅक किट्रेज, बिल नॉर्टन आणि पीटर ओलोत्का या चौघांच्या ‘कॉस्मिक एन्काउंटर’मध्ये भौतिकशास्त्र जवळजवळ नाही. नियम अगदी थोडे आहेत, पण प्रत्येक खेळाडू एक परग्रहवासी जमात असतो आणि प्रत्येक जमातीला त्यांतला एखादा नियम मोडण्याची मुभा असते. कोणी हरून जिंकतो, कोणी इतरांच्या हातातली पाने पाहतो. कोणावर हल्ला करायचा हेही आपल्या हाती नसते, ते पत्ता काढून ठरते. सर्वांसाठी एकच नियम ही पटावरच्या खेळांची जुनी धारणा त्याने मोडली. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या पुढे जगभर पसरलेल्या पत्त्यांच्या खेळाचे रचनाकार रिचर्ड गारफिल्ड यांनी या खेळाचे ऋण मान्य केले आहे. परग्रहावरचा जीव आपल्यासारखा नसेल, त्याचे जगण्याचे नियमच वेगळे असतील, ही विज्ञानकथेतली कल्पना इथे खेळाच्या रचनेत उतरली.

या दोन्ही वाटा पुढे अरुंद राहिल्या आणि तिसरी वाट राजमार्ग झाली. शोधायचे, पसरायचे, उपसायचे आणि संपवायचे, या चार क्रियांच्या साच्याला खेळांच्या जगात ‘फोर-एक्स’ म्हणतात. ही संज्ञा १९९३ साली ‘मास्टर ऑफ ओरायन’ या संगणकीय खेळाबद्दल लिहिताना अ‍ॅलन एमरिच यांनी वापरली. पटावर या साच्याचा सर्वांत भव्य आविष्कार म्हणजे क्रिश्चन पीटरसन यांचा ‘ट्वायलाइट इम्पीरियम’. पहिली आवृत्ती १९९७ची, चौथी २०१७ची. सहा भिडू बसले तर दिवस जातो. मधोमध मेकाटोल रेक्स ही जुन्या साम्राज्याची राजधानी असते आणि भोवती षटकोनी तुकड्यांची आकाशगंगा मांडलेली असते. त्या राजधानीत कोणीतरी पाय रोवला की दर फेरीला सभा भरू लागते आणि सर्वांना बंधनकारक कायदे मतदानाने ठरतात.

या खेळाची थोरवी युद्धात नाही, वाटाघाटीत आहे. आपल्या जमातीचा माल आपल्याला स्वतः वापरता येत नाही. शेजाऱ्याला दिला तरच त्याची किंमत होते. एवढ्याशा नियमामुळे सीमेवर तोफा रोखून बसलेले दोघे रोज व्यवहारही करतात. फिनलंडच्या तोउको ताहकोकालियो यांचा ‘इक्लिप्स’ (२०११) हाच साचा दोन-तीन तासांत बसवतो. प्रत्येक कृतीसाठी एक चकती उचलावी लागते, आणि जितक्या चकत्या उचलाल तितका राज्याचा खर्च वाढत जातो. साम्राज्य मोठे झाले की त्याचे ओझेही वाढते, हे सत्य एका पट्टीवर उघडे दिसते. रचनेची इतकी स्वच्छता मोठ्या खेळांत क्वचित आढळते.

तरीही या घराण्याबद्दल माझी तक्रार आहे. इथले ग्रह म्हणजे कर देणारे परगणे असतात. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे शेजारच्या घरात सोंगटी सरकवणे. वसाहतींचा जुना नकाशा तसाच्या तसा आकाशाला चिकटवलेला आहे, आणि ज्या समाजांनी वसाहतवाद सोसला त्यांच्या नजरेतून हा नकाशा कसा दिसेल, हा प्रश्न या घराण्याने क्वचितच विचारला. याला एक सुंदर अपवाद आहे : टाउसेटी डाइकमन यांचा ‘सायडीरियल कन्फ्लुअन्स’ (२०१७). त्यात युद्धच नाही. नऊपर्यंत खेळाडू एकाच वेळी बोलत, ओरडत व्यापार करतात. प्रत्येक जमातीची अर्थव्यवस्था इतकी वेगळी असते की दुसऱ्याच्या मदतीशिवाय कोणाचेच चाक फिरत नाही. आकाशगंगा भरलेली असली तरी संघर्ष हाच एक विषय उरत नाही, हे या खेळाने सिद्ध केले.

गेल्या दशकात सामान्य खेळाडूंपर्यंत सर्वांत दूर पोहोचला तो स्वीडनच्या जेकब फ्रिक्सेलियस यांचा ‘टेराफॉर्मिंग मार्स’ (२०१६). मंगळाचे तापमान उणे ३० अंशांवरून अधिक ८ अंशांवर न्यायचे, प्राणवायू १४ टक्क्यांपर्यंत वाढवायचा आणि ९ महासागर भरायचे; तिन्ही झाले की खेळ संपतो. दोनशेहून अधिक पाने आहेत आणि प्रत्येक पान वेगळे. लघुग्रह आदळवणे, शेवाळ पसरवणे, आरसे उभारणे असे प्रकल्प त्यांवर आहेत. काही सजीव विशिष्ट तापमानाशिवाय तग धरत नाहीत, काही प्राणवायूशिवाय. सर्वांच्या कष्टाने एकच पट हळूहळू हिरवा-निळा होत जातो, हा अनुभव विलक्षण समाधान देतो.

मात्र चित्रांची सरमिसळ या खेळाला शोभत नाही. एका पानावर तयार छायाचित्र, दुसऱ्यावर घाईचे रेखाटन. त्याहून मोठा प्रश्न विज्ञानाचा. खऱ्या मंगळाचे सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे आणि तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. मूळ खेळात दाबाची वेगळी पट्टीच नाही. २०१८ साली ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी मांडले की, आजच्या तंत्रज्ञानाने मोकळा करता येईल इतका कार्बन डायऑक्साइड मंगळावर पुरेसा नाही. खेळाने कल्पना करावी, जरूर करावी. पण आपल्या कल्पनेतली सर्वांत अवघड अट त्याने वगळली, हे समीक्षकाने सांगायलाच हवे.

अवघड अटींना थेट भिडणारे दोन खेळ आहेत. पहिला फिल एकलंड यांचा ‘हाय फ्रंटियर’ (२०१०). एकलंड यांनी अग्निबाणांच्या क्षेत्रात अभियंता म्हणून काम केले, आणि त्यांच्या पटावर अंतर किलोमीटरमध्ये नसून वेगात लागणाऱ्या बदलात मोजले आहे. चंद्रापेक्षा एखादा दूरचा लघुग्रह गाठणे ‘स्वस्त’ पडू शकते, हे त्या नकाशावर बोट फिरवताना उमगते. पाणी हेच इंधन आणि पाणी हेच चलन. दुसरा जोसेफ फतुला यांचा ‘लीव्हिंग अर्थ’ (२०१५). यात १९५६ ते १९७६ या काळातल्या अंतराळसंस्था चालवायच्या असतात. कागद-पेन्सिल घेऊन वजन आणि जोर यांची गणिते खरोखर करावी लागतात. प्रत्येक नव्या तंत्रज्ञानावर काही पाने उपडी ठेवलेली असतात : यश, किरकोळ बिघाड किंवा मोठा अपघात. उडवून पाहिल्याशिवाय दोष कळत नाही, आणि कळला तरच पैसे खर्चून तो काढता येतो. रिकामे यान आधी पाठवायचे की माणूस बसवून धोका पत्करायचा, हा निर्णय अशा वेळी फार जड होतो.

मराठी वाचकाला या गणिताचे एक जवळचे उदाहरण आठवेल. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीने सोडलेल्या मंगळयानाचे वजन सुमारे १,३३७ किलो होते आणि त्यातले सुमारे ८५० किलो इंधनच होते. त्याला थेट मंगळाकडे फेकण्याइतकी ताकद त्या प्रक्षेपकात नव्हती. म्हणून पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावत यान १ डिसेंबरला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. बातम्यांत हे सारे आपण वाचले. पण हे दोन खेळ खेळणाऱ्याला ते तपशील अपरिहार्य वाटू लागतात. लहान प्रक्षेपक हाती असताना आपणही हेच केले असते, हे त्याला स्वतःच्या आकडेमोडीतून कळते. यांचा दोषही मोठा आहे. ‘हाय फ्रंटियर’चे नियम इतके दाट आहेत की इच्छुकांपैकी बरेच जण पहिल्या डावापर्यंतही पोहोचत नाहीत. ज्ञान देणाऱ्या खेळाने दार इतके जड ठेवू नये.

दार हलके ठेवूनही अंतराळ आत आणता येते, हे संपर्काच्या खेळांनी दाखवले. चेक रचनाकार व्लादा ख्वातिल यांच्या ‘स्पेस अलर्ट’मध्ये (२००८) दहा मिनिटांचा ध्वनिमुद्रित आवाज संकटे जाहीर करत जातो आणि सर्वांनी मिळून तेवढ्या वेळात कृती आखायच्या असतात. मध्येच संपर्क तुटल्याची घोषणा होते आणि सगळ्यांना गप्प बसावे लागते. थॉमस सिंग यांचा ‘द क्रू’ (२०१९) तर नुसता पत्त्यांचा जोड आहे. मेंढीकोट किंवा लाडीस खेळलेल्या माणसाला तो पाच मिनिटांत कळेल : चार रंग, एक ते नऊ पाने, आणि अग्निबाणांची चार पाने हुकमाची. फरक इतकाच की सगळे एकाच बाजूचे, आणि कोणता हात कोणी करायचा हे मोहिमेने ठरवून दिलेले. बोलायला बंदी. प्रत्येकाला एका मोहिमेत एकदाच एक पान दाखवता येते आणि ते आपल्याकडचे त्या रंगाचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान की एकमेव, एवढेच सुचवता येते. अशा पन्नास मोहिमा आहेत. २०२० साली जर्मनीचा जाणकार खेळाडूंसाठीचा वार्षिक पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच होता.

यानंतरची पायरी म्हणजे शोधाचे खेळ. कॉन्स्टंटिन बातिगिन आणि माइक ब्राऊन यांनी जानेवारी २०१६मध्ये सूर्यमालेत नववा मोठा ग्रह असावा, असे गणिताने सुचवले. तोच धागा घेऊन मॅथ्यू ओमॅली आणि बेन रॉसेट यांनी ‘द सर्च फॉर प्लॅनेट एक्स’ (२०२०) रचला. आकाशाचे १२ किंवा १८ विभाग. त्यांतले निम्मे एका वेळी दिसतात. धूमकेतू मूळ संख्येच्या विभागातच सापडतात, लघुग्रहाशेजारी दुसरा लघुग्रह असतोच. सर्वेक्षण करून, तर्क लावून आपला निष्कर्ष मांडायचा. तो पुढे तपासला जातो. चुकला तर वेळ वाया जातो, आणि बरोबर ठरला तर आधी मांडणाऱ्याचा मान मोठा. वैज्ञानिकाचे रोजचे काम, म्हणजे पुरावा, घाई आणि सावधगिरी यांची ओढाताण, इतक्या नेमकेपणाने पटावर आणणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

तोमाश होलेक यांचा ‘सेटी’ (२०२४) याच वाटेवर मोठे पाऊल टाकतो. त्याच्या पटावरची सूर्यमाला खरोखर फिरते. चकत्या वळल्या की काल जवळ असलेला ग्रह आज दूर गेलेला असतो आणि यानाचा बेत बदलावा लागतो. एकीकडे याने पाठवायची, दुसरीकडे जवळच्या ताऱ्यांकडे कान लावून माहिती गोळा करायची. जीवसृष्टीचे माग पुरेसे जमले की परग्रहवासी प्रकट होतात आणि ते कोण आहेत त्यानुसार खेळालाच नवे नियम जोडले जातात. ‘ट्रायप्लॅनेटरी’चे भौतिकशास्त्र पाळणारे विश्व आणि ‘कॉस्मिक एन्काउंटर’चा नियम बदलणारा परका, या दोन जुन्या वाटा इथे प्रथमच इतक्या सहज एकत्र आल्या. पानांची भाऊगर्दी थोडी कमी असती तर खेळ अधिक धारदार झाला असता, पण आजच्या घडीला या कलेचे सर्वांत परिपक्व उदाहरण मी यालाच म्हणेन.

ही कला आज समृद्ध आहे आणि योग्य दिशेने वळली आहे. ती अजून महाग आहे, तिचे पहिल्या दर्जाचे काम युरोप-अमेरिकेतच होते, आणि मराठी मुलापर्यंत ती तुरळक पोहोचते. नारायणगावजवळ खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. ऑक्टोबर २०१६मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय स्किआपरेली यानाचा क्षीण संदेश त्यांनी टिपला होता आणि तो तुटलाही त्यांच्या नोंदीतच. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या पिढ्या या भाषेत आहेत. विषय, जाणकार आणि वाचक, तिन्ही आपल्याकडे आहेत. मराठी विज्ञान परिषद, शाळांची विज्ञान मंडळे आणि आकाशनिरीक्षण करणारे गट यांनी मिळून मंगळयानाच्या कक्षा किंवा खोडदची रात्रपाळी पटावर आणायचे मनावर घ्यावे. त्याला छापखाना, पुठ्ठा आणि वर्षभर चाचणी घेणारे चिकाटीचे भिडू पुरतील. तोवर ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी ‘द क्रू’, मग ‘प्लॅनेट एक्स’ आणि त्यानंतर ‘सेटी’ या क्रमाने जावे. साम्राज्ये नंतर उभारता येतील.