मलयाळम् व अम्हारी : साम्याची चिकित्सा

मलयाळम् व अम्हारी या भाषांतील कांहीं साम्यें पाहून त्यांचा आप्तसंबंध जोडण्याचा मोह होतो. साम्यें खरीं आहेत. परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

प्रथम लिपि. दोन्ही लिप्यांत व्यंजनाच्या मूळ आकृतींतच अकारासारखा स्वर गृहीत असतो. इतर स्वरांकरितां त्याच आकृतींत फेरफार करितात. परंतु मलयाळम् लिपि ब्राह्मीपासून ग्रंथलिपीच्या द्वारें आली, व अम्हारी लिपि दक्षिण अरबस्तानांतील प्राचीन लिपीपासून गीझच्या द्वारें. गीझमध्यें स्वरभेद इ. स. ४ थ्या शतकांत, राजा एझाना याच्या काळीं, दिसूं लागतात. तो प्रकार हिंदुस्थानांतून गेला हा तर्क होय, सिद्धान्त नव्हे.

दोहोंत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. पण अम्हारीनें हा क्रम शेजारच्या कुशी भाषांपासून घेतला असें बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानितात.

खरा निर्णय क्रियापदाच्या घडणीवर होतो. मलयाळम् भाषेंत 'वन्नु' हें एकच रूप 'मी आलों', 'ती आली', 'ते आले' या सर्वांस चालतें. अम्हारींत 'सब्बर' म्हणजे त्यानें मोडलें, 'सब्बरच्च' म्हणजे तिनें मोडलें, 'यिसब्राल' म्हणजे तो मोडतो. स-ब-र हीं व्यंजनें कायम, स्वर मात्र पालटतात. हा सेमिटिक कुळाचा धर्म आहे. मलयाळम् द्राविडी होय.

पोथीसंग्राहकांनीं हें ध्यानीं ठेवावें. केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोकांनीं मलयाळम् मजकूर सुरियानी लिपींतही लिहिला आहे : अक्षर सेमिटिक, भाषा द्राविडी. सबब अक्षरावरून पोथीचें कुळ ठरवूं नये. आधीं क्रियापद वाचावें, मग यादींत नोंद करावी.