सरासरीत सरळ होणारे केस

संगणकावर केस कसे उगवतात, हा प्रश्न या नियतकालिकाच्या पानांवर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. परंतु प्रस्थापित सौंदर्यकल्पना कोठे कोठे दडून बसते याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे, असे मी मानतो. ही कल्पना आता केवळ काव्यशास्त्राच्या ग्रंथांत राहिलेली नाही. ती हत्यारात शिरली आहे. ज्या हत्याराने चित्र काढायचे त्या हत्यारातच ‘केस म्हणजे काय’ याची व्याख्या आधीपासून लिहिलेली असेल, तर कलावंताचे स्वातंत्र्य नेमके कोठून सुरू होते? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील काळ्या कलावंतांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी गेल्या काही वर्षांत शोधावयास घेतले आहे. ते आपण समजून घेतले पाहिजे.

आधी थोडा इतिहास. १९८९ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेम्स काजिया आणि टिमथी के यांनी केसाळ पृष्ठभागाचे संगणकीय चित्रण कसे करावे याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. या क्षेत्राचा तो पाया मानला जातो. त्यातले गाजलेले चित्र आहे एका टेडी बेअरचे. २००१ साली पिक्सार कंपनीच्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’ या चित्रपटात सली नावाचा राक्षस आला. त्याच्या अंगावर वीस लाखांहून अधिक केस होते. २०१० च्या ‘टँगल्ड’मध्ये राजकन्येचे सत्तर फूट लांब सोनेरी केस आले. दरम्यान चित्रकारांनी हेच हत्यार नाना कामांना लावले. लांब, बारीक आणि वाकणारी वस्तू म्हणजे तंतू, एवढेच या हत्याराला ठाऊक असते. म्हणून त्यातून कुरणातले गवत उगवले, दगडावरचे शेवाळ उगवले, पक्ष्याचे पीस, गालिच्याचा पोत, लोकरीचा स्वेटर हे सारे उगवले. या कल्पकतेचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु हे कौतुक करतानाच मला विचारावेसे वाटते की ज्या हत्याराला खेळण्यातले अस्वल जमले, राक्षस जमला, शेवाळ जमले, त्याला हार्लेममधल्या शाळकरी मुलीच्या डोक्यावरचे केस जमावयास इतका काळ का लागावा?

कुरळे केस कठीण असतात, हे उत्तर लगेच मिळते. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. २०१२ साली पिक्सारने ‘ब्रेव्ह’ हा चित्रपट केला. त्याची नायिका मेरिडा ही स्कॉटलंडची गोरी राजकन्या, आणि तिच्या डोक्यावर लालभडक कुरळ्या केसांचा भार. त्या काळच्या हत्याराला हे पेलेना. बटेला गती दिली की तिचे वळसे सुटून ती लांबत असे. वळसे टिकावेत म्हणून ताठरपणा वाढवला की ती तारेसारखी कडक दिसे. तेव्हा कंपनीने नवे हत्यार घडविले. बटेच्या गाभ्यातून जाणारी एक गुळगुळीत रेषा त्यांनी वेगळी मोजली, म्हणजे वळसे टिकले आणि हालचालही मऊ राहिली. सुमारे १,५०० बटा घडविल्या आणि त्यांतून लाखाहून अधिक केस उगवले. याचा अर्थ स्पष्ट आहे. अडचण गणिताची असली तरी ती सोडवावी की नाही, हा निर्णय गणित करीत नाही. तो ज्याच्या हाती पैसा आणि ज्याच्या डोळ्यांपुढे नायिका आहे, तो करतो.

आता हत्याराच्या पोटात शिरू. डोक्यावर लाखभर केस असतात. प्रत्येकाची हालचाल मोजणे महाग पडते. म्हणून थोडे केस निवडतात, त्यांना ‘गाइड’ म्हणतात. गणित या गाइड केसांचे होते आणि मधले हजारो केस शेजारच्या गाइडांची सरासरी काढून भरले जातात. सरळ केसांना ही युक्ती चालते. लाटदार केसांनाही बरीचशी चालते. पण दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या करा. एकीचा वळसा डावीकडे असेल तेव्हा दुसरीचा उजवीकडे असू द्या. प्रत्येक उंचीवर दोघींच्या मधला बिंदू काढत जा. हाती काय येते? एक सरळ काठी. दोन घट्ट कुरळ्या केसांची सरासरी सरळ निघते!

या साध्या भूमितीपाशी मी बराच वेळ थांबलो. वर्णवर्चस्वाचा इतका नेमका नमुना मला कोणत्याही कादंबरीत सापडला नसता. येथे कोणी कोणाचा द्वेष केलेला नाही, कोणी शिवी दिलेली नाही. फक्त सरासरी काढली आहे, आणि सरासरीत काळ्या माणसाचे केस सरळ झाले आहेत. जाणकार यावर अर्थातच वाट काढतात. आधी सरळ केसांची सरासरी काढावी आणि वळसा मागाहून लावावा. परंतु वळसा ही ज्याला मागाहून लावण्याची वस्तू वाटते, त्याच्या मते मूळ केस सरळच असतो. कुरळेपणा हा त्यावरचा विकार. प्रमाणभाषा मूळ आणि बोली म्हणजे तिचे बिघडलेले रूप, असे आपल्याला शाळेत शिकविले गेले. त्याहून हे वेगळे नाही.

प्रकाशाचेही असेच आहे. २००३ साली स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसावर पडलेला प्रकाश कसा फिरतो याचे मोलाचे विवेचन केले. काही प्रकाश पृष्ठभागावरून परततो, काही केसातून आरपार जातो, तर काही आत शिरून मागच्या भिंतीवर आपटून बाहेर येतो. सोनेरी केसांना जी झळाळी असते ती या आत शिरलेल्या प्रकाशाची. काळ्या केसात रंगद्रव्य दाट असते, त्यात हा प्रकाश बराचसा शोषला जातो. शास्त्र म्हणून यात गैर काहीच नाही. परंतु संशोधनाची हौस, चित्रांचे नमुने आणि वाहवा झळाळणाऱ्या केसांच्या वाट्याला येत राहिली. पूर्वी पिक्सारमध्ये संशोधक असलेले आणि पुढे येल विद्यापीठात शिकवू लागलेले थिओडोर किम यांनी २०२० साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहून हे उघड बोलून दाखविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की या शास्त्रात ‘त्वचा’ म्हटले की गोरी, अर्धपारदर्शक त्वचा आणि ‘केस’ म्हटले की सरळ किंवा किंचित लाटदार केस, असे गृहीतच धरले गेले. घरातल्या माणसाने घराची भिंत पोकळ असल्याचे सांगावे, तसे हे झाले.

अशी गोष्ट प्रथमच घडते आहे असेही नाही. छायाचित्रणाच्या फिल्मचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी गोऱ्या स्त्रियांची छायाचित्रे नमुना म्हणून वापरीत असे. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी दाखविले आहे की तपकिरी रंगाच्या छटा नीट टिपाव्यात असा दबाव कंपनीवर आला तो चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांकडून. काळ्या मुलांचे चेहरे छायाचित्रात बुडून जात होते. त्याने कंपनी हलली नाही. चॉकलेटसाठी ती हलली. टेडी बेअरची लोकर आधी आणि माणसाचे केस नंतर, ही परंपरा अशी जुनी आहे.

मात्र नुसती तक्रार करून हे लोक थांबले नाहीत, आणि मला महत्त्वाचे वाटते ते येथे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील कलावंत ए. एम. डार्क यांनी काळ्या कलावंतांनी घडविलेल्या केशरचनांचा एक मुक्त संग्रह उभा केला. त्याचे नाव ‘ओपन सोर्स अॅफ्रो हेअर लायब्ररी’. किम, डार्क आणि येलचे तरुण संशोधक यांनी घट्ट कुरळ्या केसांच्या हालचालीचे गणित २०२३ साली, आणि त्यांच्या आकाराचे गणित २०२४ साली मांडले. या दुसऱ्या कामात त्यांनी सरळ केसांची मापे बाजूला ठेवली आणि केसाकडेच नीट पाहिले. त्यांना तीन गोष्टी आढळल्या. टाळूजवळ प्रत्येक केस आपापल्या वाटेने निघतो आणि थोडे पुढे गेल्यावर शेजाऱ्यांशी वळसा जुळवून त्यांची एक बट होते. काही केस मध्येच वळशाची दिशा उलटी फिरवितात. काही केस एखादा वळसा चुकवून बटेबाहेर डोकावतात आणि त्यांतून ती भुरभुर दिसते. आजवरच्या हत्याराला यातील बरेचसे ‘गोंधळ’ वाटत होते. पाहणाऱ्याने मान दिला तेव्हा त्या गोंधळातला नियम दिसला. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा प्रमाण मराठीच्या वाचकाला त्यातले शब्द अनोळखी होते. नियम नव्हता असे नाही. नियम ऐकणारा कान नव्हता.

शिक्षक मित्रांसाठी आणखी एक दाखला. रॉन एग्लॅश या अमेरिकन अभ्यासकाने १९९९ साली आफ्रिकेतील वस्ती, नक्षी आणि केशरचना यांत दिसणाऱ्या भूमितीवर ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी ‘कॉर्नरो कर्व्हज’ नावाचा संगणकीय कार्यक्रम केला. कॉर्नरो म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांच्या ओळी. त्या पडद्यावर घालताना विद्यार्थी सरकविणे, फिरविणे, लहान-मोठे करणे आणि आरशातली प्रतिमा काढणे ही गणिते शिकतो. येथे वेणी घालणाऱ्या बाईचे ज्ञान हे ज्ञान म्हणून वर्गात आले. कोणावर उपकार म्हणून ते आलेले नाही.

तरीही सावध राहिले पाहिजे. २०२० साली पिक्सारने ‘सोल’ काढला. त्याचा नायक काळा संगीतकार. त्यातल्या केशकर्तनालयाच्या प्रसंगात काळ्या माणसांच्या केसांचे नाना पोत मनापासून रंगविले आहेत. ते पाहताना आनंद होतो. पण हाच नायक चित्रपटाचा बराच काळ निळसर आत्मा होऊन फिरतो, किंवा त्याच्या शरीरात दुसराच कोणी असतो आणि तो मांजरात असतो. केस अचूक झाले, पण माणूस डोक्यासकट पडद्यावरून दूर गेला. हत्यार सुधारले म्हणजे दृष्टी सुधारली असे होत नाही, हे यातून ध्यानात यावे.

दुसरी सावधगिरी भांडवलाविषयीची. २०२३ साली डार्क यांच्या सहकार्याने ‘कोड माय क्राऊन’ ही काळ्या केशरचनांची विनामूल्य मार्गदर्शिका निघाली. खेळ तयार करणाऱ्यांना ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. तिच्यामागे उभी आहे डव्ह, म्हणजे युनिलिव्हर. याच युनिलिव्हरच्या भारतीय कंपनीने १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकली आणि २०२० साली तिचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले. तेथे काळ्या केसांचा गौरव, येथे काळ्या कातडीची लाज. बाजाराला दोन्ही माल सारखेच. म्हणून मार्गदर्शिका घ्यावी, जरूर वापरावी, पण कृतज्ञतेचे ओझे घेऊ नये.

या साऱ्याशी आपले नाते काय? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून सोडविणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. हे नाते केवळ भावनेचे नाही. केस ही गोष्ट आपल्याकडेही कधी निव्वळ केस नव्हती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करावयास नकार देऊन संप केला. हत्यार ज्याच्या हाती असते त्याने दिलेला तो नकार होता, म्हणून तो मोठा. आणि गावोगावी तोच वस्तरा महारा-मांगांच्या डोक्याला लागत नव्हता, हेही तितकेच खरे. वस्तरा कोणापुढे थांबतो आणि कोणापुढे थांबत नाही, यातच समाजाचे सारे शास्त्र लिहिलेले असते.

आज मुंबई, पुणे, हैदराबाद येथील स्टुडिओंत परदेशी चित्रपटांची कामे येतात. आपली मुले तेथे रात्रपाळी करून राजकन्यांचे केस विंचरतात. हे काम करताना त्यांच्या पडद्यावर ‘चमक’, ‘दाटपणा’, ‘वळसा’ अशी मापे असतात आणि प्रत्येक मापाला कोणीतरी आधीच एक किंमत देऊन ठेवलेली असते. ती किंमत कोणाचे डोके पाहून ठरविली, हे त्यांनी विचारले पाहिजे. कारण उद्या त्यांच्यापैकी कोणी ऊसतोडीच्या कोपीवरची एक पोरगी पडद्यावर आणील. तिचे केस तेलावाचून राठ झालेले असतील, उन्हाने आणि उपासाने तांबूस पडलेले असतील. तिच्या आजीच्या डोक्यावर देवीच्या नावाने वाढलेली जट असेल आणि ती कापावी की नाही यावर घरात भांडण चालू असेल. हत्यार त्या केसांना आपोआप चमक देईल, सरासरी काढून ते सरळ करील, आणि जट म्हणजे गणितातली चूक समजून ती सोडवील. तेव्हा हत्याराचे ऐकावयाचे की पोरीचे, हे त्या मुलाला ठरवावे लागेल. ते त्याने पोरीच्या बाजूने ठरवावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.