आधी चौक, मग इमारती

वास्तुकलेविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा इमारतींविषयी असते. इमारतींच्या मध्ये मोकळी ठेवलेली जागा हीदेखील एक रचनाच आहे, तिचेही बरेवाईट ठरवता येते, याचे भान फारसे दिसत नाही. वास्तविक ज्याने जुना वाडा पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. वाड्यात चौक उरत नाही. तो आधी धरला जातो, आणि सोपे, खोल्या, माड्या त्याच्या कलाने बसतात.

याच न्यायाने घडलेला एक सार्वजनिक चौक मुंबईच्या कोटात आहे. आज त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतात. टाऊन हॉलसमोरचे ‘बॉम्बे ग्रीन’ हे जुने मैदान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास धूळ आणि कचरा यांचे आगर झाले होते. तेथे वर्तुळाकार बाग करावी आणि तिच्या कडेने इमारती उठवाव्यात, ही कल्पना पोलीस-अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांची. गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि पुढे बार्टल फ्रिअर यांचा तिला पाठिंबा मिळाला. कडेचे भूखंड व्यापारी पेढ्यांना विकण्यात आले. १८७२ पर्यंत बाग आकाराला आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईत कापसाचा पैसा खेळत होता, त्याच दशकातली ही आखणी. तेव्हा या सौंदर्याच्या मुळाशी रोकडा व्यवहार होता, हे मान्य करूनच त्याचे मूल्यमापन केले पाहिजे.

या रचनेचे खरे सामर्थ्य बागेत नाही, बागेच्या काठात आहे. जेम्स स्कॉट यांनी इमारतींचे दर्शनी भाग एकाच शिस्तीत बांधले. मालक निरनिराळे, पण भिंतीची वळणदार रेषा एकच. तळाशी कमानींची सलग ओळ. देवळाच्या आवारातील ओवऱ्यांसारखी ही सावली कोणाच्या मालकीची आहे, हे वाटसरूला विचारावे लागत नाही. पूर्वेस टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या, पश्चिमेस सेंट थॉमस कॅथीड्रल, मध्ये झाडी. पेढी, ग्रंथालय आणि प्रार्थनास्थळ एकाच वर्तुळाशी नाते सांगतात. ज्या सरकारने ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना १९१९ साली हद्दपार केले, त्याच्याच गव्हर्नरचे नाव पुसून स्वातंत्र्यानंतर या चौकाला हॉर्निमन यांचे नाव मिळाले. चौक लोकांचा झाला, याची ती नोंदच म्हणावी लागेल.

दोष नाही असे नाही. बागेभोवती लोखंडी कठडा आहे, फाटके आहेत आणि फाटकांना वेळा आहेत. कमानींखालची सावली आणि झाडांखालची सावली यांच्यामधून मोटारी धावतात. चौक आणि त्याचा काठ यांची ही ताटातूट रचनेला बाधते.

तरीही आजच्या मुंबईशी ताडून पाहिले की या वर्तुळाची किंमत कळते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या आणि गिरणगावात शेकडो एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमाने स्थूलमानाने एक हिस्सा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक ‘म्हाडा’ला घरांसाठी आणि एक मालकाला ठरवून दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली; गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ साली या दुरुस्तीविरुद्ध निर्णय दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शहराला एक मोठा चौक आखण्याची जी संधी होती, ती तेथे तुकड्यातुकड्यांत विरली.

त्या जमिनींवर आता घरे, कचेऱ्या आणि दुकाने यांची एकत्र संकुले उभी आहेत. बाग त्यांतल्या बहुतेकांत आहे, पण पुष्कळदा ती वाहनतळाच्या छपरावर, रस्त्यापासून काही मजले उंच आणि पहारेकऱ्याच्या पलीकडे. तिथल्या मातीला खोली नाही, म्हणून वडपिंपळ तिथे मूळ धरू शकत नाही. रस्त्याने जाणाऱ्याच्या पायांना ती सापडत नाही, म्हणून माणूसही रुजत नाही. नकाशावर तिचा रंग हिरवा असतो एवढेच.

व्यापारी हिशेब एल्फिन्स्टनच्या काळीही होताच. फरक क्रमाचा आहे. तेव्हा पोकळी आधी ठरली आणि इमारतींनी तिचा मान राखला. आता इमारती ठरतात आणि उरेल त्याला बाग म्हणतात. हा क्रम बदलल्यावाचून कितीही कारंजी बसवली, तरी चौक घडणार नाही.