टेबलावर सुटते, वाऱ्यात सुटेल का?

पायाखाली फळी, कमरेला बांधलेला मोठा पतंग आणि समोर समुद्र. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस लाटांवरून धावतो. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातल्या ब्रूनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट घेतले. असा पतंग पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे पतंग बाजारात आले आणि खेळ पसरला. त्याबरोबरच पतंग हाताळण्याची दांडी, म्हणजे कंट्रोल बार, घरीच बनवणारे हौशी कारागीरही पुढे आले. अशा घरगुती दांडीच्या आराखड्याची पारख कशी करावी, हे आम्ही येथे मांडत आहोत.

आधी दांडीचे कौतुक करू, कारण ते रास्त आहे. साधारण अर्धा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी, तिच्यावर रबराची पकड आणि मध्यभागी एक भोक. पतंगाकडून २० ते २५ मीटर लांबीच्या चार दोऱ्या येतात. पुढच्या दोन दोऱ्या एकत्र होऊन मधल्या भोकातून कमरेच्या पट्ट्याकडे जातात. बहुतेक भार त्याच पेलतात. मागच्या दोन दोऱ्या दांडीच्या टोकांना बांधलेल्या असतात. दांडी एका बाजूला ओढली की पतंग वळतो. ती स्वतःपासून दूर ढकलली की मागच्या दोऱ्या सैल पडतात, पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन कमी होतो आणि ओढ घटते. डावे टोक लाल रंगवायची रीत आहे, म्हणजे घाईत दांडी उलटी धरली जात नाही. एवढे सगळे चांगला हौशी कारागीर नीटनेटके करतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. दांडी दूर ढकलूनही ओढ आवरली नाही तर काय? त्यासाठी कमरेच्या आकड्यात अडकवलेल्या लूपपाशी एक सुटका-कळ असते. ती ओढली किंवा ढकलली की लूप उघडतो. घरगुती आराखड्यात सर्वांत सोपी कळ म्हणजे खीळ. दोरीचे फास एकमेकांत बसवायचे, त्यांतून पोलादी खीळ घालायची आणि खिळीला मूठ लावायची. मूठ ओढली की खीळ निघते आणि फास सुटतात. टेबलावर ही कळ झकास चालते. आमचा आक्षेप नेमका या टेबलावरच्या परीक्षेला आहे.

थोडे गणित करू. वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, पतंगाचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि आकारावर अवलंबून असणारा गुणांक सोयीसाठी १ धरू. पतंगावरून जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर बल ½ × १.२ × ६४ × १० = ३८४ न्यूटन, म्हणजे सुमारे ३९ किलोग्रॅम वजनाइतके येते. पण पतंग आकाशात एका जागी थांबत नाही. तो झेप घेतो तेव्हा त्याचा स्वतःचा वेगही हिशेबात येतो. समजा, हवेचा सापेक्ष वेग सेकंदाला २० मीटर झाला. आता बल २४०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २४५ किलोग्रॅम वजनाइतके! वेग अडीच पट झाला आणि ओढ सव्वासहा पट. कळ लागते ती नेमकी याच क्षणी.

आता खिळीकडे वळू. मधला फास तिला एका दिशेने पूर्ण ताणाने ओढतो. दोन बाजूंचे फास विरुद्ध दिशेने निम्म्या-निम्म्या ताणाने ओढतात. म्हणजे खिळीवर एकूण दाब ताणाच्या दुप्पट. घर्षण गुणांक ०.२ धरला, तर खीळ काढायला ताणाच्या ०.४ पट बल हवे. टेबलावर ५ किलोग्रॅमचे वजन टांगले असेल, तर २ किलोग्रॅम-भाराने खीळ निघते. मूलही ती काढेल. २४०० न्यूटनला मात्र ९६० न्यूटन, म्हणजे ९८ किलोग्रॅम-भार लागेल. पाण्यात फरफटत जाणारा माणूस एका हाताने एवढे बल कोठून आणणार? कळीत दोष कोठेच दिसत नाही, आणि तरीही ती निरुपयोगी आहे.

हाच प्रश्न पॅराशूटवाल्यांना आधी पडला होता. अमेरिकेतल्या बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात तीन कड्यांची सुटका-कळ बनवली. मोठ्या कडीतून मधली कडी ओवून परत दुमडायची, मधलीतून धाकटी ओवून दुमडायची, आणि धाकटीवर दोरीचा एक फास टाकून तो पट्टीतल्या भोकातून मागे काढायचा. त्या फासात एक गुळगुळीत तार असते. दुमडलेली प्रत्येक कडी ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे, अडकित्त्यासारखी. भार टेकूजवळ आणि धरून ठेवणारे बल दूरच्या टोकाला. प्रत्येक तरफेने बल एक षष्ठांश होते असे धरू. दोन तरफांनी २४०० चे ६७ न्यूटन होतात. फास हलत्या कप्पीसारखा वळलेला असल्याने तारेवर त्याचे निम्मे, सुमारे ३३ न्यूटन येतात. पूर्वीच्याच घर्षणाने तार काढायला १३ न्यूटन लागतात, म्हणजे दीड किलोग्रॅम-भारही नाही. मात्र कड्यांची मापे चुकली, पट्टी ताठर झाली किंवा वाळू अडकली, तर हा फायदा कमी होतो. म्हणून पॅराशूटमध्येही या कड्या वेळोवेळी सोडवून पट्टी मऊ करतात आणि तार पुसतात.

दुसरा आक्षेप. कळ सुटली म्हणजे काम संपले, असे समजणारा आराखडा अपुरा आहे. सगळा पतंग सोडून दिला, तर तो किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोणावर जाऊन आदळेल. म्हणून पहिल्या सुटकेनंतर पतंग एकाच दोरीवर लटकावा आणि फडक्यासारखा फडफडत निष्प्रभ व्हावा अशी रचना हवी. त्यासाठी दांडीला त्या दोरीवरून निदान पतंगाच्या रुंदीइतके सरकता आले पाहिजे. वाटेत एखादी गाठ भोकात अडली, तर ओढ संपतच नाही. त्या शेवटच्या दोरीलाही स्वतःची वेगळी कळ हवी. बाजारातल्या कळींसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली आले, आणि त्यात चाचणीच्या पद्धतीही दिल्या आहेत. भाराखाली न तपासलेली घरगुती कळ घेऊन कोणी पाण्यात उतरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वर्गात मात्र हे जरूर करून पाहा. आकड्याला दोरीचे दोन फास टांगा. त्यांच्यामध्ये बादलीचा फास धरा आणि तिन्हींतून लांब खिळा घाला. बादली जमिनीपासून बोटभरच उंच ठेवा, पाय दूर ठेवा. बादलीत २, ४, ६, ८ लिटर पाणी घेऊन प्रत्येक वेळी खिळा स्प्रिंगकाट्याने ओढून काढा. भार आणि बल यांचा आलेख काढा. रेषा जवळजवळ सरळ येईल. मग विद्यार्थ्यांना विचारा : ही रेषा २४५ किलोग्रॅमपर्यंत वाढवली तर? नंतर वेगवेगळ्या मापांच्या दोन-तीन कड्या आणून तीच परीक्षा पुन्हा घ्या.

विज्ञान प्रदर्शनात आपण प्रतिकृती ‘चालते का’ एवढेच पाहून गुण देतो. ती केव्हा चालेनाशी होईल, हा प्रश्न क्वचितच विचारतो. धरणाचा दरवाजा, लिफ्टचा ब्रेक, विजेचा फ्यूज या सगळ्या वस्तूंकडे एरवी कोणाचे लक्षही जात नाही. त्यांची खरी कसोटी एखाद्या वाईट क्षणी लागते, आणि त्यांची परीक्षाही त्याच क्षणाच्या भाराने घ्यावी लागते. पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी हा एक प्रश्न तेवढा वाढवावा.